एलएनजी प्रकल्पाचं एअर परमिट: अमेरिकेतल्या अर्जावर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावरून द्रवरूप नैसर्गिक वायूचं, म्हणजे एलएनजीचं, पहिलं जहाज फेब्रुवारी २०१६ मध्ये लुइझियानातल्या सबीन पासहून निघालं. अलास्कातल्या केनाईहून १९६९ पासून निर्यात होत होती, पण ती एकटीच. २०१६ नंतर टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर अशा प्रकल्पांची रांग लागली, आणि प्रत्येकाला बांधकामाआधी हवेचं परमिट घ्यावं लागलं. त्या अर्जाच्या फायली हजार हजार पानांच्या असतात. ज्यांच्या टेबलावर अशी फाईल पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख. केमिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालंय, एक्सेल येतं, पण ‘पीएसडी’ म्हणजे काय ते कुणी नीट सांगितलेलं नाही, असा वाचक मी डोळ्यांसमोर धरला आहे.

सुरुवातीला बहुतेकांना एकच कोडं पडतं. हा प्रकल्प गॅस जाळत नाही, फक्त थंड करतो. मग प्रदूषण कसलं? गॅस उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत नेला की त्याचं आकारमान सहाशेपटीने घटतं, पण तिथवर नेणारे रेफ्रिजरंटचे कॉम्प्रेसर फिरवायला प्रचंड ताकद लागते. ती बहुतेक ठिकाणी गॅस टर्बाइनमधून येते आणि टर्बाइनचं इंधन म्हणजे दारात आलेला तोच गॅस. ढोबळमानाने येणाऱ्या गॅसचा आठ ते दहा टक्के हिस्सा प्रकल्प स्वतःच खातो. परमिटचा सगळा खटाटोप या खाण्याचा आहे.

पायरी १: धूर कुठून कुठून निघतो ते लिहून काढा

गणिताला हात लावण्याआधी प्रोसेस फ्लो डायग्राम घ्या आणि गॅसच्या मागे मागे चालत जा. मी नव्या माणसाला पहिला आठवडा हेच काम देतो. कंटाळवाणं वाटतं, पण पुढे अर्जात जी भोकं सापडतात ती नव्वद टक्के वेळा इथे राहिलेली असतात.

पाइपलाइनमधून येणाऱ्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, पाणी असतं आणि कधी पाऱ्याचा अंश असतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी अतिथंड भागात गोठून नळ्या तुंबवतील, आणि पारा ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर खाईल. म्हणून अमाइनच्या टॉवरमध्ये आम्लवायू धुऊन काढतात, मॉलिक्युलर सिव्हने पाणी काढतात, कार्बनच्या बेडमध्ये पारा पकडतात. अमाइनमधून सुटलेला आम्लवायू थर्मल ऑक्सिडायझरमध्ये जाळला जातो. हा तुमचा दुसऱ्या क्रमांकाचा महत्त्वाचा स्रोत. प्रकल्पातला सल्फर डायऑक्साइड मुख्यतः इथूनच येतो, आणि गॅसमध्ये मुळात असलेला कार्बन डायऑक्साइडही इथूनच बाहेर पडतो. हायड्रोजन सल्फाइडचा एक किलो जळला की सल्फर डायऑक्साइडचे जवळपास १.९ किलो होतात. रेणुभार ३४ आणि ६४, इतकं साधं आहे, तरी वजन जसंच्या तसं पुढे नेलेले तक्ते मी पाहिले आहेत.

मग टर्बाइन. इथून नायट्रोजन ऑक्साइड्स (यापुढे नॉक्स), कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म कण आणि हरितगृह वायूंचा मोठा वाटा येतो. त्याखेरीज गरम तेलाचे हीटर, आपत्कालीन डिझेल जनरेटर, आग विझवायच्या पंपांची इंजिनं, कंडेन्सेटच्या टाक्या आणि ट्रक भरण्याची जागा.

फ्लेअरवर, म्हणजे सोडून द्यावा लागणारा वायू जाळणाऱ्या मशालीवर, थोडं थांबू, कारण नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एलएनजी प्रकल्पात एक फ्लेअर नसतो. ओल्या आणि उबदार वायूंसाठी एक, कोरड्या आणि अतिथंड वायूंसाठी दुसरा. दोघांचं हेडर, म्हणजे वायू गोळा करणारा मुख्य नळ, एक केलं तर पाणी गोठून आपत्कालीन वाटच बंद होईल. बंदरावर बहुधा तिसरा असतो, मरीन फ्लेअर. जहाज कधी कधी गोदीतून दुरुस्त होऊन येतं, त्याच्या टाक्या उबदार असतात आणि आत निष्क्रिय वायू भरलेला असतो. तो हुसकून टाक्या थंड करेपर्यंत जो मिश्र वायू परत येतो तो सुरुवातीला जळण्याच्याही लायकीचा नसतो. वर्षातून अशी किती जहाजं येतील हे प्रोसेसवाल्यांना विचारा, कारण ते आपण होऊन सांगत नाहीत. शिवाय प्रत्येक फ्लेअरची पायलट ज्योत आणि पर्ज गॅस (नळात हवा शिरू नये म्हणून सोडलेला वायू) वर्षाचे सगळे ८,७६० तास चालू असतात. देखभाल, स्टार्टअप आणि शटडाउन यांचं फ्लेअरिंग वेगळं मोजायचं. प्लांट पहिल्यांदा सुरू करतानाचं फ्लेअरिंग त्याहून वेगळं.

शेवटी गळती. व्हॉल्व्ह, फ्लँज, पंपांची सील, कनेक्टर, सगळे मिळून हजारो नग. अमेरिकी नियमांत मिथेन आणि इथेन हे व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं, धरत नाहीत, प्रोपेन आणि त्यापुढचे धरतात. त्यामुळे शुद्ध एलएनजीच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह व्हीओसीच्या तक्त्यात जेमतेम दिसेल, पण हरितगृह वायूंच्या तक्त्यात ठळक दिसेल. रेफ्रिजरंटच्या प्रोपेन लाइनचं नेमकं उलट. म्हणून नगांची मोजदाद प्रवाहानुसार वेगळी ठेवा.

पायरी २: जास्तीत जास्त किती, हे मोजा

परमिट ‘प्रत्यक्षात किती धूर निघेल’ यावर लिहीत नाहीत, ‘जास्तीत जास्त किती निघू शकतो’ यावर लिहितात. याला पोटेन्शियल टू एमिट म्हणतात, बोलताना पीटीई. यंत्र पूर्ण क्षमतेने, वर्षाचे ८,७६० तास चालतंय असं धरायचं. कमी तास धरायचे असतील तर ती मर्यादा परमिटमध्ये अट म्हणून लिहून घ्यावी लागते, आणि ती पाळली जातेय का हे तपासता आलं पाहिजे. आपत्कालीन इंजिनांसाठी केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, १९९५ च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारणपणे वर्षाला ५०० तास धरतात.

एक उदाहरण करून बघू. समजा, प्रत्येकी ३०० एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट) प्रति तास उष्णता खाणाऱ्या सहा टर्बाइन आहेत. पुरवठादार म्हणतो, नॉक्स २५ पीपीएम, धुरात १५ टक्के ऑक्सिजन धरून. नैसर्गिक वायूसाठी १ पीपीएम म्हणजे साधारण ०.००३६८ पौंड प्रति एमएमबीटीयू. म्हणजे २५ पीपीएमला ०.०९२. आता ३०० गुणिले ०.०९२ गुणिले ८,७६० भागिले २,००० केलं की एका टर्बाइनचे वर्षाला १२१ टन येतात, सहांचे ७२५. तोच आकडा ९ पीपीएमला सुमारे २६० टन होतो आणि २.५ पीपीएमला ७३ टनांच्या आत येतो. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागतील. कार्बन डायऑक्साइड दर एमएमबीटीयूला ११७ पौंड धरला तर सहा टर्बाइनचे वर्षाला नऊ लाख टनांवर जातात.

इथले खड्डे आता सांगतो, कारण यातल्या दोनांत मी स्वतः पडलो आहे.

पहिला खड्डा टनाचा. आपण हजार किलोच्या टनात वाढलो. अमेरिकी परमिटमधला टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. त्यात गंमत अशी की हरितगृह वायूंचा वार्षिक अहवाल मेट्रिक टनांत जातो आणि परमिटची मर्यादा शॉर्ट टनांत. दोन्ही तक्ते एकाच एक्सेलमध्ये असले की अनर्थ ठरलेला. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा, ‘टन’ एवढंच लिहून सोडू नका.

दुसरा खड्डा उष्मांकाचा. टर्बाइनचा पुरवठादार लोअर हीटिंग व्हॅल्यूवर (धुरातल्या वाफेची उष्णता सोडून) आकडे देतो, उत्सर्जन गुणक हायर हीटिंग व्हॅल्यूवर (ती धरून) असतात. नैसर्गिक वायूत या दोहोंत साधारण ११ टक्क्यांचा फरक पडतो. माझ्या पहिल्या मोठ्या अर्जात हा फरक छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने पकडला, आणि मग टर्बाइनपासून मॉडेलिंगपर्यंत सगळं पुन्हा करावं लागलं. सहा आठवडे गेले.

तिसरा एमएमचा. इथे एक एम म्हणजे रोमन पद्धतीने हजार, दोन एम म्हणजे दहा लाख. गॅसवाल्यांच्या कागदांवर दोन्ही सापडतात.

चौथा हवामानाचा. थंड हवा दाट असते, त्यामुळे टर्बाइन हिवाळ्यात जास्त ताकद देते आणि जास्त इंधन खाते. वार्षिक टनांसाठी सरासरी तापमान चालेल, पण तासाच्या कमाल पौंडांसाठी सर्वात थंड दिवसाची केस मागवा.

आणि आकड्यांचा उगम. पुरवठादाराची लेखी हमी सर्वात चांगली, मग तशाच यंत्राच्या चाचणीचे निकाल, आणि काहीच नसेल तर ईपीएचं एपी-४२ हे गुणकांचं संकलन. एपी-४२ मध्ये फ्लेअरच्या नॉक्ससाठी ०.०६८ पौंड प्रति एमएमबीटीयू आहे, ते सगळेच वापरतात. टर्बाइनसाठी मात्र हमी हातात असताना एपी-४२ वापरू नका. ते गुणक बऱ्याच यंत्रांची सरासरी आहेत, आणि सरासरीवर मर्यादा लिहून घेणं म्हणजे निम्मी यंत्रं तिच्या वर जाणार हे मान्य करण्यासारखं आहे.

पायरी ३: कोणतं दार ते ठरवा

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९७७ साली बांधकामपूर्व परवानगीची चौकट आली. सहा प्रदूषकांसाठी राष्ट्रीय मानकं आहेत: ओझोन, सूक्ष्म कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि शिसं. प्रकल्पाच्या जागेची हवा ही मानकं पाळत असेल तर पीएसडी (प्रिव्हेन्शन ऑफ सिग्निफिकंट डिटेरिओरेशन, म्हणजे चांगली हवा फार बिघडू न देणं) हे दार, पाळत नसेल तर नॉनअटेनमेंट. एकाच जागी एका प्रदूषकासाठी एक दार आणि दुसऱ्यासाठी दुसरं, असंही होतं.

पीएसडीत ‘मोठा स्रोत’ ठरायला वर्षाला २५० टन लागतात. कायद्याने यादीत घातलेल्या २८ प्रकारच्या उद्योगांना १०० टन. एलएनजी प्रकल्प नावाने त्या यादीत नाही, पण आवारात स्वतःचं वाफेवरचं वीजघर असेल आणि ते २५० एमएमबीटीयूच्या वर असेल, तर त्या भागाला १०० टनांचा निकष लागू शकतो. हे आधी तपासा. यादीबाहेरच्या उद्योगाला मोठा ठरवताना गळतीचं उत्सर्जन मोजत नाहीत; पण एकदा तो मोठा ठरला की गळतीही हिशेबात येते.

आपल्या उदाहरणातले ७२५ टन सरळ पीएसडीत गेले. एका प्रदूषकासाठी मोठे ठरलात की बाकीच्यांसाठी बरेच खालचे उंबरे लागतात: नॉक्स, सल्फर डायऑक्साइड आणि व्हीओसी प्रत्येकी ४० टन, कार्बन मोनॉक्साइड १००, पीएम१० (१० मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) साठी १५, पीएम२.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे) साठी १०. हरितगृह वायूंसाठी ७५,००० टन, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर एकट्या हरितगृह वायूंमुळे कुणी पीएसडीत येत नाही. दुसऱ्या कारणाने आधीच आत असाल तरच त्यांचा विचार होतो.

नॉनअटेनमेंटचं दार अरुंद आहे. ह्यूस्टन, गॅल्व्हस्टन आणि ब्राझोरियाचा पट्टा ओझोनचं मानक पाळत नाही, आणि २००८ च्या मानकाखाली तो ‘सिव्हिअर’ श्रेणीत आहे. त्या श्रेणीत नॉक्स किंवा व्हीओसीचे वर्षाला २५ टन झाले की तुम्ही मोठा स्रोत. मग खर्चाचा विचार न करता सर्वात कमी उत्सर्जनाचं तंत्र लावावं लागतं, आणि जितकं उत्सर्जन वाढवाल त्याच्या १.३ पट घट दुसऱ्या कुणाकडून तरी मिळवावी लागते. ब्राझोरिया काउंटीतल्या फ्रीपोर्ट एलएनजीने रेफ्रिजरेशनचे कॉम्प्रेसर टर्बाइनऐवजी विजेच्या मोटरींवर चालवले त्यामागे हा भूगोलही होता. जागा निवडणाऱ्यांच्या बैठकीला पर्यावरणवाल्यांना उशिरा बोलावतात, ही माझी जुनी तक्रार आहे. काउंटीची सीमा ओलांडली की यंत्रांची निवडच बदलते.

पायरी ४: बॅक्ट

पीएसडीत प्रत्येक प्रदूषकासाठी ‘उपलब्ध सर्वोत्तम नियंत्रण तंत्र’ सिद्ध करावं लागतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला बॅक्ट म्हणतात. ईपीएची रीत वरून खाली उतरण्याची आहे. उपलब्ध सगळी तंत्रं लिहायची, तांत्रिकदृष्ट्या अशक्य ती खोडायची, उरलेली परिणामानुसार लावायची, मग सर्वात वरच्यापासून खर्च, ऊर्जा आणि इतर पर्यावरणीय परिणाम तपासत उतरायचं, आणि जिथे नाकारायला कारण उरत नाही तिथे थांबायचं.

टर्बाइनच्या नॉक्सचं उदाहरण घ्या. सर्वात वर एससीआर, म्हणजे धुरात अमोनिया सोडून उत्प्रेरकावर नॉक्सचं नायट्रोजन करणं. आपले २.५ पीपीएमचे ७३ टन तिथले. पण साध्या उत्प्रेरकाला साधारण ३०० ते ४०० अंशांचा धूर मानवतो आणि नुसत्या टर्बाइनचा धूर त्याहून बराच गरम असतो, म्हणून थंड हवा मिसळावी लागते. शिवाय अमोनियाची टाकी आली, आणि न वापरला गेलेला अमोनिया हवेत जाऊन सूक्ष्म कण वाढवतो. त्याखाली कोरडं लो-नॉक्स बर्नर, ९ ते २५ पीपीएमचं. ‘एससीआर महाग पडतं’ असं नुसतं लिहून चालत नाही. टनामागे किती डॉलर पडतात ते मांडा, आणि तेवढा खर्च इतर प्रकल्पांनी उचलला आहे का ते आरबीएलसी या, आधीच्या परमिटांतल्या मर्यादांच्या ईपीएच्या डेटाबेसमधून दाखवा.

त्या डेटाबेसमधला आकडा कुठवर बांधतो, हा प्रश्न टेक्सासात न्यायालयापर्यंत गेला, आणि नव्या माणसाने तो खटला समजून घ्यावा. पोर्ट आर्थर एलएनजीला राज्याच्या पर्यावरण आयोगाने, म्हणजे टीसीईक्यूने, टर्बाइनसाठी नॉक्स ९ पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइड २५ पीपीएम मंजूर केलं. त्याच आयोगाने रिओ ग्रांडे एलएनजीला याआधी ५ आणि १५ ची मर्यादा घातली होती. स्थानिक संघटनेने विचारलं, मग आम्हाला ढिली का? आयोगाचं म्हणणं होतं की रिओ ग्रांडे अजून बांधलेलाच नाही, तो आकडा चालून सिद्ध झालेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने परमिट रद्द केलं. नंतर तो निर्णय मागे घेऊन त्याने टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाला राज्य कायद्याचा अर्थ विचारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तर आलं: टेक्सासच्या व्याख्येनुसार, दुसऱ्या परमिटमध्ये लिहिलेला पण प्रत्यक्षात चालवून न दाखवलेला आकडा आपोआप बॅक्ट ठरत नाही.

यावरून मी घेतलेला धडा व्यवहाराचा आहे. डेटाबेसमधून आकडे उतरवताना शेजारी एक रकाना ठेवा: प्रकल्प बांधला का, चालू आहे का, चाचणीत तो आकडा जमला का. आणि हा निकाल टेक्सासच्या कायद्याचा आहे. लुइझियानाच्या अर्जात तो जसाच्या तसा चिकटवू नका.

फ्लेअरचं बॅक्ट बहुधा चांगलं डिझाइन आणि कमीत कमी वापर इथवरच येतं. संघीय नियमांतली अट मात्र पाळावी लागते: वाफ किंवा हवेच्या मदतीने चालणाऱ्या फ्लेअरमध्ये जाणाऱ्या वायूचा उष्मांक घनफुटाला किमान ३०० बीटीयू, आणि सलग दोन तासांत पाच मिनिटांपेक्षा जास्त काळा धूर नको. तो निष्क्रिय वायूचा जहाजी प्रवाह आठवतोय ना? तो ३०० च्या खाली जातो, म्हणून त्यात इंधन गॅस मिसळावा लागतो, आणि त्या जादा गॅसचंही उत्सर्जन धरावं लागतं.

पायरी ५: मॉडेलिंग

आता धूर जमिनीवर कुठे आणि किती उतरेल ते दाखवायचं. ईपीएचं मान्य मॉडेल एअरमॉड, २००५ पासून. त्याला जवळच्या विमानतळाच्या हवामानाची पाच वर्षं किंवा प्रकल्पाच्या जागेवरची किमान एक वर्षाची नोंद लागते. आधी फक्त स्वतःचं उत्सर्जन चालवतात. निकाल ठरलेल्या नगण्य पातळीच्या खाली आला तर काम तिथेच संपतं. वर गेला तर आसपासचे कारखाने आणि आधीपासूनचं प्रदूषण मिळवून राष्ट्रीय मानकाशी तुलना करावी लागते.

एलएनजी प्रकल्प अडतो तो सहसा नायट्रोजन डायऑक्साइडच्या एका तासाच्या मानकावर. २०१० साली ते १०० पीपीबी, म्हणजे घनमीटरला १८८ मायक्रोग्रॅम ठरलं. वर्षाची सरासरी कितीही चांगली असो, एक वाईट तास पुरतो. पीएम२.५ चं वार्षिक मानक २०२४ मध्ये १२ वरून ९ मायक्रोग्रॅमवर आणलं गेलं, तिथेही पार्श्वभूमीचं प्रदूषणच बरीच जागा खाऊन टाकतं.

अडचण कुठे येते ते नकाशावर दिसतं. एलएनजीच्या टाक्या अजस्र असतात, पन्नास मीटरच्या आसपास उंच आणि त्याहून रुंद. वारा त्यांच्यावरून जाताना मागच्या बाजूला भोवरा होतो आणि शेजारच्या स्टॅकचा, म्हणजे धुराड्याचा, धूर त्यात अडकून खाली खेचला जातो. हे टाळायला स्टॅक किती उंच हवा, त्याचं नियमातलं सूत्र असं: इमारतीची उंची, अधिक तिची उंची आणि रुंदी यांतल्या लहान मापाच्या दीडपट. पन्नास मीटरच्या टाकीला १२५ मीटर होतात. तितके उंच स्टॅक कुणी बांधत नाही. मग एकतर स्टॅक टाकीच्या प्रभावाबाहेर, म्हणजे त्या लहान मापाच्या पाचपट अंतरापलीकडे हलवायचा, नाहीतर उत्सर्जन कमी करायचं. प्लॉट प्लॅन गोठण्याआधी एक कच्चं मॉडेल चालवा. दोन दिवसांचं काम आहे, आणि नंतर स्टॅक हलवायला सांगितलं की पाइपिंगवाले तुमच्याशी बोलणं सोडतात.

नॉक्समधला किती भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो, हे धरण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत सगळाच, दुसरीत मोजमापांवर बेतलेलं गुणोत्तर, तिसरीत त्या ठिकाणच्या ओझोनवरून. बहुतेक अर्ज दुसरीवर सुटतात. क्वचित चालणारी आपत्कालीन इंजिनं एका तासाच्या हिशेबातून वगळता येतात का, यावर ईपीएचं १ मार्च २०११ चं टिपण आहे. ते वापरायचं ठरवलंत तर मॉडेलिंगच्या प्रोटोकॉलमध्येच लिहा आणि अधिकाऱ्याची संमती आधी घ्या. शिवाय जवळ एखादं संरक्षित अभयारण्य आहे का बघा. लुइझियानाच्या किनाऱ्यालगतचं ब्रेटन हे पहिल्या वर्गातलं क्षेत्र आहे, आणि तिथली मर्यादा इतर ठिकाणांपेक्षा बरीच कडक असते.

पायरी ६: अर्ज कुठे जातो

हवेचं परमिट राज्य देतं: टेक्सासात टीसीईक्यू, लुइझियानात एलडीईक्यू. प्रकल्प किनाऱ्यापासून दूर समुद्रात असेल तर ते काम ईपीएकडे जातं. लुइझियानात बांधकामाचं आणि चालवण्याचं परमिट एकत्र निघतं, टेक्सासात वेगवेगळं. दरम्यान केंद्रीय ऊर्जा नियामक आयोग, फर्क, जागेची आणि बांधकामाची मंजुरी देतो आणि निर्यातीची परवानगी ऊर्जा खातं देतं. फर्कला दिलेल्या कागदपत्रांतला नववा रिसोर्स रिपोर्ट हवा आणि आवाज यांचा असतो. त्यातले आणि राज्याच्या अर्जातले आकडे जुळले पाहिजेत. एकीकडे सहा टर्बाइन आणि दुसरीकडे जुन्या डिझाइनच्या आठ, अशी विसंगती विरोधकांच्या वकिलाला पहिल्या तासात सापडते. कॉमनवेल्थ एलएनजीच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने फर्कची मंजुरी फेरविचारासाठी परत पाठवली. त्याच्या कारणांत नायट्रोजन डायऑक्साइडच्या एकत्रित परिणामाचं अपुरं स्पष्टीकरण हे एक होतं.

अर्ज ‘पूर्ण’ ठरल्यापासून एका वर्षात निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. ‘पूर्ण’ ठरेपर्यंतचा काळ त्यात धरत नाहीत, आणि खरी प्रश्नोत्तरं तेव्हाच चालतात.

मसुदा परमिट निघालं की किमान ३० दिवस लोकांच्या हरकतींसाठी. टेक्सासात प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणीलाही जाऊ शकतं, आणि तिथे तुमच्या एक्सेलच्या एकेका ओळीवर उलटतपासणी होते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहून ठेवा. ‘मागच्या प्रकल्पातून घेतला’ हे तिथे उत्तर नव्हे. हरकती स्वतः वाचा, मॅनेजरने दिलेला सारांश नव्हे. प्रकल्पाजवळ राहणारे लोक कधी कधी असा स्रोत दाखवून देतात जो पहिल्या पायरीत सुटलेला असतो.

पायरी ७: परमिट हातात आल्यावर

परमिट मिळण्याआधी पाया खणायचा नाही. मिळाल्यावर पीएसडीच्या नियमानुसार १८ महिन्यांत काम सुरू करावं लागतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते.

मग परमिटमधली प्रत्येक अट एका तक्त्यात उतरवा: काय मोजायचं, किती वेळा, नोंद कुठे, जबाबदार कोण. यंत्र सुरू झाल्यावर स्टॅकची पहिली चाचणी पूर्ण क्षमता गाठल्यापासून ६० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत. सूक्ष्म कणांची चाचणी करताना धूर थंड झाल्यावर तयार होणारे कणही मोजतात. पुरवठादाराच्या हमीत ते धरलेले आहेत का हे अर्जाच्या वेळीच विचारलं नसेल, तर इथे घाम फुटतो. गळतीसाठी ठरलेल्या मुदतीत हजारो नगांपाशी मीटर घेऊन फिरावं लागतं. टेक्सासच्या कडक कार्यक्रमात व्हॉल्व्हपाशी ५०० पीपीएम दिसले की ती गळती, आणि दुरुस्तीचं घड्याळ सुरू.

चालवण्याचं परमिट म्हणजे टायटल फाइव्ह, १९९० च्या दुरुस्तीतून आलेलं. मुदत पाच वर्षांची. वेगळं घ्यायचं असेल तर प्रकल्प चालू झाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज. दर सहा महिन्यांनी चुकांचा अहवाल आणि दरवर्षी अनुपालनाचं प्रमाणपत्र, ज्यावर जबाबदार अधिकारी सही करतो. खोटं लिहिलं तर गुन्हा त्याच्या नावावर लागतो, त्यामुळे सही करण्याआधी तो तुम्हाला फोन करणार हे धरून चाला.

तो फोन बहुतेक वेळा फ्लेअरबद्दल असतो. पहिल्या वर्षी ट्रेन (गॅस द्रवरूप करणाऱ्या यंत्रांची एक साखळी) पुन्हा पुन्हा बंद पडते, प्रत्येक स्टार्टअपला गॅस फ्लेअरला जातो, आणि अर्जात कुणीतरी वर्षाला चार स्टार्टअप लिहिलेले असतात कारण प्रोसेसच्या टीमला चार हा आकडा शोभून दिसला. अर्ज करताना हा आकडा प्रोसेसवाल्यांना न विचारता प्लांट चालवणाऱ्यांना विचारा, आणि ते जे सांगतील ते मॉडेलमध्ये बसतं का ते मसुदा निघायच्या आधी बघा.